बोल्टवरची रेघ

बोल्ट आवळून झाला की नटाच्या कडेवरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नारिंगी रंगाचं, जाड टोकाचं पेन असतं आणि रेघ जेमतेम दोन सेंटिमीटरची. पुढे कधी नट केसभर जरी फिरला, तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि चार हातांवरून बघणाऱ्यालाही कळतं, की इथे काहीतरी सैल झालंय. पाना लावायला नको, गाडीखाली सरकायला नको. नुसती एक चक्कर मारून अख्खी गाडी तपासता येते.

विद्यापीठात असताना तीन वर्षं मी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी रेसकार बांधणाऱ्या संघात होतो. त्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, गाडी किती पळायची? मी आकडा सांगतो, समोरच्याच्या भुवया वर जातात आणि विषय तिथेच थांबतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र दर वेळी ती रेघ येते. तिच्याबद्दल कधी कोणाशी नीट बोललो नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

ज्यांना ही स्पर्धा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात ‘मिनी इंडी’ नावाची एक लहानशी शर्यत झाली होती. पाच अश्वशक्तीची छोटी इंजिनं आणि विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्या. त्याच वाटेने पुढे जाऊन १९८१ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ‘फॉर्म्युला एसएई’ सुरू झाली, एसएई म्हणजे वाहन-अभियंत्यांची संस्था. १९९८ मध्ये ती ब्रिटनमध्ये ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या नावाने पोचली आणि २००६ पासून जर्मनीत होकेनहाइमच्या ट्रॅकवर भरू लागली. आता ती अनेक देशांत होते. मूळ कल्पना अशी, की सुट्टीच्या दिवशी हौसेने शर्यतीत उतरणाऱ्या माणसासाठी एका कंपनीला गाडी काढायची आहे, तिचा नमुना तुम्ही बांधून आणा. एकच आसन, चाकं उघडी. गुण एकूण १०००, आणि त्यातले ३२५ गाडी जागची न हलता मिळवायचे असतात. डिझाइनचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १०० आणि व्यवसाय-आराखड्याचे ७५. म्हणजे गाडी नुसती पळवून भागत नाही. ती अशीच का बांधली, याचं उत्तर तोंडाने द्यावं लागतं.

नियमांच्या जाडजूड पुस्तकातला मला सगळ्यांत आवडलेला नियम २० मिलिमीटरचा. इंजिन ७१० सीसीपर्यंतचं चालतं. बरेच संघ मोटारसायकलचं ६०० सीसीच्या आसपासचं इंजिन घेतात. असं इंजिन मोकळं सोडलं तर विद्यार्थ्यांच्या हाताबाहेर जाईल एवढी ताकद त्यात असते. म्हणून इंजिनात जाणारी सगळी हवा एकाच अरुंद नळीतून, २० मिलिमीटर व्यासाच्या गळ्यातून गेली पाहिजे असं बंधन आहे. अंगठा टेकवला तर ते भोक जवळजवळ बुजतं. गंमत अशी, की हवेचा वेग त्या गळ्यात ध्वनीच्या वेगाला पोचला की पुढे इंजिनाने कितीही ओढ लावली तरी जास्त हवा येत नाही. हिशेब मांडला तर सेकंदाला साधारण ७५ ग्रॅम, त्यावर नाही. पहिल्या वर्षी हे गणित मी वहीत सोडवलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो. पेट्रोलवर धावणाऱ्या प्रत्येक संघाच्या वाट्याला तेवढीच हवा. कोणाकडे पैसा असो, यंत्रं असोत, ओळखी असोत, श्वास सगळ्यांना सारखाच. मग फरक पडतो तो कुठे? वजनात, सांध्यांत, नळ्यांच्या वळणांत, आणि रात्री उशिरा, थकलेल्या हातांनी केलेल्या कामात.

आमच्या गाडीत सगळ्यांत आधी बसला तो पुठ्ठ्याचा माणूस. नियमांत त्याची मापं दिलेली असतात. कमरेसाठी २०० मिलिमीटरचं एक वर्तुळ, खांद्यांसाठी तेवढंच दुसरं, आणि हेल्मेटसकट डोक्यासाठी ३०० मिलिमीटरचं तिसरं. शंभरातल्या पंचाण्णव पुरुषांपेक्षा उंच माणूस धरून ही मापं काढली आहेत आणि या पुतळ्याला संघांमध्ये ‘पर्सी’ म्हणतात. पर्सी आसनात बसवायचा आणि डोक्यामागच्या कमानीच्या टोकापासून पुढच्या कमानीच्या टोकापर्यंत सरळ रेषा धरायची. गाडी उलटली तर जमीन त्या रेषेवर टेकणार. पर्सीचं हेल्मेट त्या रेषेच्या किमान ५० मिलिमीटर आत हवं. गाडीचा सांगाडा तयार व्हायच्याही आधी, कागदावर, आम्ही असा एक माणूस उलटवून बघितला होता. डिझाइन म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी समजलं. जो अजून आलेलाच नाही, त्याच्या डोक्याची काळजी आज घ्यायची.

सांगाडा पोलादी नळ्यांचा. पहिल्या वर्षी माझ्याकडे नळ्यांची तोंडं कापायचं काम होतं. गोल नळी दुसऱ्या गोल नळीला तिरकी भिडते तेव्हा तिचं टोक सरळ कापून चालत नाही. माशाच्या उघड्या तोंडासारखा बाक द्यावा लागतो. कागदावर छापलेला साचा नळीला गुंडाळायचा, रेषेवर कापायचं आणि मग कानस घेऊन बसायचं. चार वेळा कानस फिरवायची, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा फिरवायची. एका टोकाला कधी तासभर जायचा.

वेल्डिंग करायची ती. माझ्याहून एक वर्ष पुढे होती. बोलणं कमी, आणि हात इतका स्थिर, की टिग वेल्डचे एकावर एक पडलेले खवले मोजून घ्यावेत. मी नळी नेऊन दिली की ती सांध्यावर लावायची, पलीकडे दिवा धरायची आणि एक डोळा मिटून बघायची.

“उजेड दिसतोय,” म्हणायची, आणि नळी परत माझ्या हातात.

फट अर्ध्या मिलिमीटरची असेल. भरून निघाली असती, वेल्डिंगचा धातू त्यासाठीच असतो असं मला वाटायचं. एकदा तसं बोलूनही गेलो. तेव्हा तिने दोन उरलेले तुकडे घेतले, एक जोड घट्ट भिडवून आणि एक फट ठेवून, आणि दोन्ही माझ्यासमोर जोडले. गार झाल्यावर गुण्या लावून दाखवला. फट असलेला जोड डोळ्यांना दिसेल इतका एका बाजूला ओढला गेला होता. वितळलेला धातू गार होताना आकसतो, आणि जिथे जास्त भरला तिथे जास्त आकसतो. अशा कितीतरी सांध्यांनी थोडं थोडं ओढलं की चाकं जिथे जोडायची ते बिंदू भलतीकडे जातात. जिगवर, म्हणजे नळ्या जागेवर धरणाऱ्या चौकटीवर, घट्ट बांधलेला सांगाडासुद्धा सोडवल्यावर उसळतो. म्हणून ती एका कोपऱ्यात सलग वेल्ड करायचीच नाही. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डचे नुसते टिपके, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, पुढे एक, मागे एक. मध्ये थांबून मोजमाप. रात्री सगळे निघून गेले तरी ती गार व्हायची वाट बघत बसलेली असायची.

त्यानंतर मी तिला उजेड दिसणारी नळी दिली नाही. निदान मुद्दाम तरी नाही.

दुसऱ्या वर्षी मी पुढच्या चाकांच्या जोडणीत गेलो. विशबोन म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे, अपराइट म्हणजे चाकाचा हब ज्यात बसतो तो भाग, आणि टाय-रॉड. या खात्यात नट-बोल्टांचे नियम अगदी कडक असतात आणि ते मला पाठ झाले होते. बोल्ट ८.८ दर्जाचा किंवा त्याहून वरचा. नटाबाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसलेच पाहिजेत. नट आपोआप सुटणार नाही अशी सोय हवी, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, तारेने बांधलेला बोल्ट किंवा पिन. नुसतं स्प्रिंग वॉशर घातलेलं चालत नाही, चिकटद्रव्य लावलेलं चालत नाही. नायलॉनचा नट जिथे तापेल तिथे वापरायचा नाही, कारण नायलॉन मऊ पडलं की पकड गेली. हे सगळं मी नव्या मुलांना शिकवत असे.

त्या वर्षी चाचणीच्या आदल्या रात्री मी डाव्या पुढच्या चाकाशी होतो. टाय-रॉडच्या टोकाचा बोल्ट, ८ मिलिमीटरचा. स्टिअरिंग फिरवलं की हा रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो. चालकाचे हात आणि चाक यांच्यातला हा शेवटचा दुवा. त्याला २५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, द्यायचा होता. ठरवलेला जोर लागला की क्लिक करणारी टॉर्क रेंच एकच, आणि ती मागच्या हबवर काम करणाऱ्यांकडे होती. मी साध्या पान्याने नट टेकेपर्यंत आणला. बाजूचे तीन बोल्ट आधीच पक्के झाले होते, त्यांच्यावर रेघा मारायच्या बाकी होत्या. पेन हातात होतं. मी चारही बोल्टांवर रेघा मारल्या. रेंच मोकळी झाली की या चौथ्याला क्लिक ऐकवू, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात ब्रेकमधली हवा काढायला मला हाक आली. पेडल दाबून धरायला माणूस हवा होता. मी गेलो. तासाभराने परत आलो तेव्हा चाक बसवून झालं होतं.

सकाळी तपासणीची यादी घेऊन आमच्यातला एक जण गाडीभोवती फिरला. प्रत्येक रेघ सरळ, एकही तुटलेली नाही. त्याने यादीवर खूण केली.

गाडी चालवायला ती बसली. संघात चालक चार होते आणि तिचा हात वेल्डिंगसारखाच गाडीवरही शांत होता. आठ फेऱ्या झाल्या. नवव्या फेरीत तिने हात वर केला आणि वेग कमी करत आत आली. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, “डावीकडे जाताना स्टिअरिंगमध्ये खेळ आहे. थोडासाच. पण काल नव्हता.”

गाडी स्टँडवर घेतली. डावं चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं की येत होता तो आवाज अजून माझ्या कानात आहे. टक. टक. अगदी बारीक, दारावर कोणी नखाने वाजवावं तसा. चाक काढलं. टाय-रॉडच्या बोल्टवर नारिंगी रेघ होती. सरळ, अखंड.

सगळे त्या रेघेकडे बघत होते आणि कोणालाच काही उमगत नव्हतं. मला उमगलं. नट फिरला नव्हताच. नायलॉनच्या कड्याने त्याला होता तिथेच इमानाने धरून ठेवलं होतं. तो कधी आवळलाच गेला नव्हता. कप्तानाने टॉर्क रेंच लावली. नट फिरत गेला, फिरत गेला, जवळजवळ अर्धा फेरा, आणि मग क्लिक. रेघ मधोमध तुटून दोन बाजूंना गेली.

“ही रेघ कोणी मारली?” कप्तानाने विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

ती हातमोजे काढत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “मी सकाळी रेघ बघून बसले.”

त्या वाक्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. काम चालू राहिलं असावं, कारण दुपारी गाडी पुन्हा ट्रॅकवर होती. मी दिवसभर एकेका बोल्टला रेंच लावत राहिलो, आधी लावलेल्यांनाही. तोपर्यंतच्या आयुष्यात मी केलेल्या चुका माझ्याच खात्यात जमा झाल्या होत्या. परीक्षेत गणित चुकलं तर गुण माझे जायचे. अभ्यास नाही केला तर अडचण माझी. इथे पहिल्यांदा माझी चूक दुसऱ्या कोणाच्या हाताखाली होती, आणि तिने ती माझ्यावर विश्वास टाकूनच हाताखाली घेतली होती. निष्काळजीपणा म्हणजे काहीतरी मोठं, मुद्दाम केलेलं असतं असं मला वाटत असे. तसं नव्हतं. पेन हातात होतं, एवढंच त्याचं कारण होतं.

संध्याकाळी सगळे जमले. कोणीतरी सुचवलं, की प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं पेन द्यावं, म्हणजे कोणाची रेघ ते लगेच कळेल. दोघा-तिघांना ते पटलं. मलाही योग्य वाटलं, शिक्षा म्हणून. ती म्हणाली, “रंग बघून माणूस शोधून काय करू? मला नट आवळलेला हवाय.” मग तिनेच नियम सांगितला, आणि तो आमच्याकडे त्या दिवसापासून लागू झाला. जो आवळेल त्याने रेघ मारायची नाही. दुसऱ्याने यायचं, स्वतः रेंच लावायची, क्लिक ऐकायची आणि मग रेघ. पेन आणि रेंच एका वेळी एकाच हातात असणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण गाडीवर असे महत्त्वाचे बोल्ट दीडशेच्या आसपास होते, आणि रात्री दोन वाजता दुसऱ्या माणसाला हाक मारायला जिवावर येतं. तो झोपेला आलेला असतो, तुम्हीही. कधी कधी वाटायचं, एवढ्यासाठी कशाला? तरी हाक मारायची. हळूहळू त्याची सवय झाली आणि एक गोष्ट लक्षात आली. कोणी येऊन आपलं काम पुन्हा तपासतो तेव्हा सुरुवातीला टोचतं, पण काही दिवसांनी त्याचीच वाट बघितली जाते. आपण एकटे नाही आहोत, हे त्या दुसऱ्या क्लिकने कळतं.

विजेवरच्या गाड्या बांधणाऱ्यांकडे हे आमच्याआधीपासून पक्कं रुजलेलं होतं. त्यांच्या गाडीत ६०० व्होल्टपर्यंतचा विद्युतदाब चालतो, ताकदीवर ८० किलोवॉटची मर्यादा असते. बॅटरीच्या पेटीवर हात घालायचा तर विद्युतरोधक हातमोजे घालून, आणि शेजारी दुसरा माणूस उभा असल्याशिवाय नाही. तो दुसरा काही करत नसतो. नुसता बघत असतो. स्पर्धेत त्यांच्या तंबूपाशी मी बराच वेळ थांबलो होतो तो त्या नुसत्या बघणाऱ्या मुलाकडे बघत.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये ईटीएच झ्युरिक आणि ल्युझर्नच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या विजेवरच्या गाडीने शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला. १२.३ मीटरमध्ये. गाडीचं वजन साधारण १४० किलो, चारही चाकांना मोटर, आणि गाडी जमिनीला चिकटून राहावी म्हणून खालची हवा ओढून घेणारी यंत्रणा. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल. पापणी लवते न लवते तोच संपतो. मला त्यात दिसत राहिली ती आसनात पट्ट्यांनी जखडलेली चालक, आणि तिच्या पाठीमागे, चित्रात न आलेले, ते सगळे हात, ज्यांनी तिचे पट्टे ज्या बोल्टांना अडकवलेत ते बोल्ट आवळले.

आमच्या स्पर्धेची तांत्रिक तपासणी दीड दिवस चालली. चालकाला पूर्ण पोशाखात, पट्टे बांधून, हात स्टिअरिंगवर ठेवून बसवतात आणि ५ सेकंदांत बाहेर यायला सांगतात. ती ४ सेकंदांत आली. मग गाडी फळीवर बांधून ६० अंशांत कलती करतात. चालक आत, इंधन भरलेलं, एक थेंब गळायला नको आणि वरच्या बाजूची चाकं उचलली जायला नकोत. आवाजाची चाचणी. शेवटी ब्रेकची. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकदम जाम व्हायला हवीत. आमची मागची चाकं दोनदा फिरत राहिली. पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा पेडलवरचा बॅलन्स बार दीड आटा फिरवला, तिसऱ्या वेळी डांबरावर चार काळे पट्टे उमटले. ते चार पट्टे बघून आमच्यातले काही जण रडले. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही.

डिझाइनच्या परीक्षेत परीक्षक गाडीभोवती गुडघ्यांवर बसून फिरतात. त्यांचा एकच शब्द असतो, का? हा बिंदू इथे का, ही नळी का, एवढं वजन का. माझ्यापाशी आलेल्या परीक्षकांनी टाय-रॉडच्या बोल्टवर बोट ठेवलं आणि ८ मिलिमीटर का ते विचारलं. मी भार, कोन, कातरण्याचा ताण सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हा सैल असला तर तुम्हाला कळणार कसं?”

रेघेवरून, असं उत्तर जिभेवर होतं. मी थांबलो. म्हणालो, “रेघेवरून नाही कळत. रेघ फक्त नट फिरला की सांगते. आवळला होता का, ते रेघ मारणाऱ्यालाच ठाऊक.” मग आमचा दोन माणसांचा नियम सांगितला, आणि तो कशामुळे आला तेही. त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या विशबोनकडे सरकले.

सर्वांत जास्त गुण लांब पल्ल्याच्या फेरीला असतात. सुमारे २२ किलोमीटर, शंकूंनी आखलेल्या वळणावळणांच्या मार्गावर. निम्म्यात गाडी आत घ्यायची, इंजिन बंद, चालक बदलायचा, त्याला ३ मिनिटं. आणि मग तापलेलं इंजिन पुन्हा सुरू व्हायला हवं. कित्येक गाड्या इथेच हात टेकतात. थंडगार असताना पहिल्या झटक्यात सुरू होणारं इंजिन, तापून दोन मिनिटं उभं राहिलं की रुसतं. आमचं सुरू झालं. पहिला टप्पा तिने चालवला होता. दुसरा चालक निघाला तेव्हा ती कुंपणाशी हेल्मेट हातात घेऊन उभी होती, केस घामाने चिकटलेले, आणि फेऱ्या मोजत होती.

चार फेऱ्या उरल्या असताना इंजिनाचा आवाज बंद झाला. खोकलं नाही, अडखळलं नाही, दिवा मालवावा तसं. गाडी शंकूंच्या बाजूला घरंगळत जाऊन थांबली. चालकाने दोनदा स्टार्टर मारला. मग लाल झेंडी घेऊन लोक आत आले.

नंतर सापडलं ते हे. पेट्रोलच्या पंपाला जाणारी एक तार, जिथे जोडणीच्या पिनेत दाबून बसवली होती त्याच्या अगदी कडेला तुटली होती. थरथरीने एकेक बारीक तंतू तुटत गेला असणार. बाहेरून आवरण शाबूत. ज्याने ती जोडणी केली होती तो आमच्या तंबूच्या मागे, टायरांच्या चळतीशेजारी, ती पिन हातात घेऊन बसला होता. लोक येऊन त्याच्या खांद्यावर थाप मारून जात होते, चालायचंच म्हणत होते. तो वर बघत नव्हता.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. चालायचंच, हे मला म्हणता येत नव्हतं, कारण त्याच्या हातातली वस्तू मला ओळखीची होती. “कुठे तुटली, दाखव,” म्हटलं. त्याने दाखवली. आम्ही दोघांनी ती उजेडात धरली. दाबायच्या पकडीचा एक दात तारेच्या तंतूंवर जरा जास्त बसला होता, आवरणाला आधार द्यायचा भाग मोकळा राहिला होता, आणि सगळी हालचाल त्या एका ठिकाणी एकवटली होती. तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. पुढच्या वर्षी तारेला जोडणीच्या आधी कुठे बांधायचं, वळण किती सैल ठेवायचं, ओढून बघायची चाचणी कशी घ्यायची. मी ऐकत होतो. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो.

माझ्या शेवटच्या वर्षी संघाने विजेवरची गाडी करायचं ठरवलं. जुनी गाडी उघडायची होती. अपराइट, हब, स्टिअरिंगचे भाग नव्या गाडीच्या मापजोखीसाठी हवे होते. ती तोपर्यंत शिक्षण संपवून गेली होती. पुढचा डावा कोपरा माझ्याकडे आला आणि सोबत पहिल्याच वर्षाचा एक मुलगा, ज्याने तोवर पाना फक्त सायकलला लावला होता.

टाय-रॉडच्या बोल्टवर धूळ आणि वंगण यांचा थर होता. कापडाने पुसला. खाली नारिंगी रेघ निघाली, चाचणीनंतर तिने मारलेली. जराशी फिकी, पण सरळ. सगळ्या फेऱ्या, सगळे धक्के, तो शेवटचा घरंगळत थांबण्यापर्यंतचा प्रवास, आणि रेघ होती तशी. मी पाना लावला. नट सहज सुटेना. जोर दिला तेव्हा कट्‌कन आवाज झाला, आणि रेघ तुटली.

“हे परत वापरायचे का?” मुलाने विचारलं.

“बोल्ट तपासून बघू. नट नाही. नायलॉनचा नट एकदा काढला की गेला.”

आठवड्याभराने आम्ही तोच अपराइट मोजमापाच्या चौकटीवर बसवत होतो. मी त्याला नवा नट दिला, रेंचवर २५ चा आकडा कसा लावायचा ते दाखवलं, आणि बाजूला झालो. त्याने ओठ दाताखाली धरून हळूहळू आवळलं. क्लिक झाल्याबरोबर दचकून थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने हात पुसले आणि पुढे केला.

“पेन?”

“ते माझ्याकडे राहणार,” म्हणालो, आणि त्याच्या हातातली रेंच घ्यायच्या आधी पेन खिशातून काढून त्याच्यासमोर बाकावर ठेवलं. मग रेंच नटावर बसवली.